न दुखता गेलेली नजर

डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी माणूस घर डोक्यावर घेतो. डोळे आले की ऑफिसला दांडी मारून डॉक्टर गाठतो. पण एका डोळ्याची नजर काही सेकंदांत जवळजवळ पूर्ण गेली, आणि डोळा दुखत नाही, लाल झालेला नाही, त्यातून पाणीही येत नाही, तर तोच माणूस काय करतो? डोळे धुतो. चहा घेतो. कपाटात पडलेले जुने थेंब शोधून टाकतो. बीपी वाढलं असेल, झोप झाली नसेल, अशी कारणं काढतो. संध्याकाळपर्यंत बघू म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला जाऊन बसतो.

कित्येकदा तर नजर गेल्याचं कळतच नाही. दुसरा डोळा धडधाकट असतो, तो सगळा कारभार सांभाळून घेतो. मग कधीतरी तोंड पुसताना चांगला डोळा टॉवेलखाली झाकला जातो, आणि समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय राखाडी धुक्यात बुडालेलं दिसतं.

डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, रक्त देणारी धमनी बंद पडली की हे असं होतं. प्रकार दुर्मीळ आहे. वर्षाला लाख माणसांत एखाद-दोघांच्या वाट्याला येतो, आणि त्यातले बहुतेक साठीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असतात. तरी तो समजून घ्यायला हवा, कारण डोळ्यातली वाट अडवणारा तुकडा बहुतेक वेळा दुसरीकडूनच आलेला असतो. जिथून एक तुकडा आला, तिथून दुसराही येऊ शकतो.

दुखत का नाही, याचं उत्तर सोपं आहे. डोळ्याची दुखरी बाजू मुख्यतः पुढे, विशेषतः बुबुळावरच्या पारदर्शक काचेत असते. मागच्या पडद्याला वेदना कळवणारे तंतूच नाहीत. त्यामुळे पडद्यावर कितीही मोठा घाला आला तरी तो मुकाट सोसला जातो.

दोन लाइनींवरचा पडदा

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला लागून असलेला हा पडदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. तेवढ्या जाडीत पेशींचे थरावर थर आहेत. सगळ्यात मागे, भिंतीलगत, प्रकाश पकडणाऱ्या पेशी: एकेका डोळ्यात बारा कोटींच्या घरात. त्यांच्या पुढे निरोप्या पेशी. मागून आलेला निरोप त्या गाळतात, जुळवतात आणि पुढच्या थराला देतात. त्या शेवटच्या थरातल्या पेशींचे लांब धागे एकत्र येऊन डोळ्याची नस तयार होते आणि मेंदूकडे जाते. हे धागे जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे बारा कोटी पेशींनी पाहिलेलं सगळं एवढ्या धाग्यांतून जायचं असतं, आणि त्यासाठीची काटछाट पडद्यातच होते. एवढं काम करायचं तर प्राणवायूही तसाच लागतो. वजनाच्या मानाने शरीरातल्या सर्वांत खादाड ऊतींत या पडद्याची गणना होते.

आता या थरांना रक्त कुठून मिळतं ते पाहू. पुण्या-मुंबईच्या अनेक सोसायट्यांत पाण्याच्या दोन लाइनी असतात. स्वयंपाकघरात कॉर्पोरेशनचं पाणी, संडासच्या फ्लशला बोअरचं. पडद्याचीही व्यवस्था अशीच आहे. प्रकाश पकडणारा मागचा थर बोअरवर चालतो, म्हणजे डोळ्याच्या भिंतीतच असलेल्या रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यावर. निरोप्या पेशींचे पुढचे थर मात्र कॉर्पोरेशनच्या लाइनवर, म्हणजे एकाच बारीक धमनीवर अवलंबून असतात. कॉर्पोरेशनचं पाणी बंद झालं की फ्लश चालू राहतो, पण ओट्यावरचा नळ कोरडा पडतो. आणि दोन्ही लाइनी एकमेकींना जोडलेल्या नसल्यामुळे बोअरला धो-धो पाणी असूनही स्वयंपाकघराला त्याचा थेंब मिळत नाही.

धमनी बंद पडलेल्या डोळ्यात नेमकं हेच घडतं. प्रकाश आत येतो, बुबुळ आणि भिंग आपलं काम चोख करतात, प्रकाश पकडणाऱ्या पेशीसुद्धा जिवंत असतात आणि प्रकाश पकडतात. पुढे तो निरोप घ्यायला कोणी शिल्लक नसतं.

ही मध्यवर्ती धमनी अवघी ०.१६ मिलिमीटर रुंदीची. डोळ्याच्या मागे सुमारे एक सेंटिमीटरवर ती नसेच्या चिवट आवरणाला भोक पाडून आत शिरते. तिथेच ती सगळ्यात अरुंद असते, आणि म्हणून तुकडा अडकायची भीतीही तिथे जास्त. डोळ्यात पोचल्यावर तिच्या फांद्या फुटतात: दोन वर, दोन खाली. या फांद्या एकमेकींना मदत करू शकत नाहीत. एखादीच फांदी बंद झाली तर पडद्याचा तेवढाच भाग उपाशी राहतो, आणि दिसण्यातली गंमत अशी की खालची फांदी बंद झाली तर वरचं दिसेनासं होतं. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्याचा हा परिणाम. असा माणूस समोरच्याचे जोडे पाहू शकतो, चेहरा नाही.

निसर्गाने काही जणांना एक पळवाट ठेवली आहे. चार-पाच जणांत एखाद्याच्या डोळ्यात मागच्या भिंतीच्या जाळ्यातून एक छोटी जादा धमनी निघते आणि पडद्याच्या मध्यभागाला रक्त देते. मुख्य धमनी बंद पडली तरी या माणसाचा मध्यबिंदू वाचतो. तो तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवतो आणि दवाखान्यातून बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर आपटतो, कारण मधलं सोडून आजूबाजूचं सगळं गेलेलं असतं.

पांढऱ्यावर लाल ठिपका

जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून पडदा पाहणं १८५१ पर्यंत जवळजवळ अशक्यच होतं. त्या वर्षी जर्मनीतल्या हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी त्यासाठीचं उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, जगापुढे आणलं. पुढे आठच वर्षांनी, १८५९ साली, बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी या धमनीच्या बंद पडण्याचं पहिलं वर्णन लिहिलं. त्यांच्या रुग्णाच्या हृदयाच्या आतल्या अस्तराला सूज होती आणि तिथले तुकडे रक्तातून शरीरभर जात होते. म्हणजे डोळ्याचं दुखणं हृदयातून आलं, हे या आजाराच्या पहिल्याच नोंदीत लिहिलेलं आहे. दीडशे वर्षं उलटल्यावरही आपण असा रुग्ण चष्म्याच्या दुकानात पाठवतो, याचं मला नवल वाटत आलं आहे.

थेंब टाकून बाहुली मोठी केली की डॉक्टरांना काय दिसतं? एरवी नारिंगी-लालसर दिसणारा पडदा दुधाळ पांढरा झालेला असतो. उपासमारीने पुढच्या थरातल्या पेशी सुजतात आणि त्यांची पारदर्शकता जाते. या पांढऱ्या पटावर मधोमध एक ठसठशीत लाल ठिपका असतो. पाठ्यपुस्तकातलं हे चित्र एकदा पाहिलेला विद्यार्थी जन्मभर विसरत नाही. लाल ठिपका पाहून वाटतं, तिथे रक्त साकळलं असावं. प्रत्यक्षात तोच भाग सर्वांत निरोगी असतो. पडद्याच्या अगदी मध्यबिंदूवर पुढचे थर बाजूला सरकलेले असतात, तिथे उरतो तो मागचा थर, आणि तो बोअरवरचा. सुजायला तिथे काही नाही, म्हणून मागच्या जाळ्याचा लाल रंग तसाच दिसतो, आणि शेजार पांढरा पडल्याने तो जास्तच उठून दिसतो.

यात एक मेख आहे. पांढरेपणा चढायला काही तास लागतात. अर्ध्या-एक तासात पोचलेल्या शहाण्या रुग्णाचा पडदा वरवर पाहता ठीकठाक दिसू शकतो. अशा वेळी खरी साक्ष बाहुल्या देतात, आणि त्यासाठी साधी टॉर्च पुरते. खोली अंधारी करून डॉक्टर चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारतात. दोन्ही बाहुल्या आकसतात, कारण एका डोळ्याने दिलेली वर्दी मेंदू दोघींनाही कळवतो. मग टॉर्च झटकन दुसऱ्या डोळ्यावर नेतात. या डोळ्याकडून मेंदूला वर्दीच जात नाही, मेंदूला वाटतं अंधार झाला, आणि भर प्रकाशात दोन्ही बाहुल्या सावकाश मोठ्या होतात. टॉर्च परत चांगल्या डोळ्यावर नेली की पुन्हा आकसतात. रुग्णाला एक अक्षरही न विचारता डोळ्यामागची वाट तुटल्याचं कळतं.

तुकडा येतो कुठून

हृदयातून निघालेलं रक्त मानेतल्या कॅरोटिड धमनीतून वर चढतं. ही धमनी कवटीत शिरल्यावर तिची पहिली मोठी फांदी डोळ्याला जाते, आणि उरलेलं रक्त मेंदूच्या पुढच्या भागात जातं. डोळ्याकडे वळलेल्या फांदीतून पुढे आपली ०.१६ मिलिमीटरची धमनी निघते. या वाटेवर कुठेही काही सुटलं की ते डोळ्यात जाणार की मेंदूत, हे केवळ प्रवाह ठरवतो.

सर्वांत नेहमीचा उगम म्हणजे मानेतली धमनी. वय, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांनी तिच्या आतल्या भिंतीवर कोलेस्टेरॉलचे थर साचतात. एखादा थर तडकतो आणि त्याचे कण सुटतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ साली असे पिवळसर चमकणारे कण डोळ्यातल्या धमन्यांच्या फाट्यांवर बसलेले दाखवून दिले, आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. हे स्फटिक चपटे असल्याने कित्येकदा त्यांच्या कडेने रक्त जात राहतं आणि नजरेला काहीच होत नाही. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाच्या डोळ्यात असा खडा चमकताना दिसावा आणि त्यामुळे त्याच्या मानेची सोनोग्राफी व्हावी, असंही घडतं.

त्याच्या दोन वर्षं आधी मिलर फिशर या मेंदूविकारतज्ज्ञांना वेगळंच दृश्य दिसलं होतं. काही रुग्णांना एका डोळ्यापुढे वरून पडदा उतरावा तसा अंधार येतो आणि पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. फिशर यांना असा झटका चालू असतानाच एका रुग्णाचा डोळा तपासायला मिळाला. धमनीतून पांढुरके तुकडे सावकाश पुढे सरकत होते. मागे रक्ताचा प्रवाह पुन्हा सुरू होत होता. १९५९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. थोडा वेळ जाऊन परत आलेली नजर म्हणजे अडकलेला आणि सुटलेला तुकडा, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे या प्रकाराला 'चक्कर आली', 'पित्त झालं' म्हणून सोडून देतात. नजर परत आली, म्हणून माणूस विसरतो. धमनी मात्र तशीच असते.

दुसरा उगम हृदय. वरचे कप्पे लयीत न धडधडता नुसते थरथरू लागले की रक्त साकळतं आणि गुठळी होते. आपल्या देशात यात आणखी एक भर पडते. लहानपणी घसा दुखून नंतर सांधे सुजणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करून जातो, आणि तीस-चाळिशीतल्या माणसाच्या हृदयात गुठळी तयार व्हायला जागा मिळते. त्यामुळे रुग्ण तरुण आहे म्हणून ही शंका सोडून देता येत नाही. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल आहे. त्यात कोयत्याच्या आकाराच्या ताठर रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि डोळ्याच्या धमन्याही त्यातून सुटत नाहीत.

एक नवा उगम ब्युटी क्लिनिकमधला. नाक सरळ दिसावं किंवा भुवयांमधल्या आठ्या जाव्यात म्हणून त्वचेखाली फिलर भरतात. त्या जागेच्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. सुई चुकून धमनीत गेली आणि जोर लागला, तर फिलर उलटा आत ढकलला जातो आणि जोर काढताच प्रवाहाबरोबर डोळ्यात शिरतो. घटना विरळा आहे, पण नजर गेली तर ती बहुधा कायमची जाते. संमतिपत्रावर सही करण्याआधी हे वाक्य त्यात आहे का, ते बघायला हरकत नाही.

नीलेतला अडथळा हा याचा चुलतभाऊ, आणि तो बराच जास्त आढळतो. त्यात रक्त येतं पण बाहेर पडत नाही. पडदा पांढरा न पडता रक्ताच्या डागांनी भरतो. त्यावर डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांचा चांगला उपयोग होतो. 'शेजाऱ्यांना इंजेक्शन देऊन बरं वाटलं' या भरवशावर धमनीच्या रुग्णाने थांबू नये, ते याचसाठी.

घड्याळ

रक्ताशिवाय हा पडदा किती वेळ तग धरतो? यावर सर्वांत चिकाटीचं काम पंजाबात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात रमलेल्या सोहनसिंग हेरे यांचं. त्यांनी माकडांच्या डोळ्यांची ही धमनी ठरावीक वेळ बंद ठेवून पाहिली. म्हाताऱ्या, रक्तदाब असलेल्या माकडांत सुमारे ९७ मिनिटांपर्यंत कायमचं नुकसान आढळलं नाही. त्यापुढे ते वाढत गेलं, आणि २४० मिनिटांनंतर काही वाचवण्यासारखं उरलं नाही. माणसात धमनी अनेकदा पूर्ण बंद न होता थोडीफार झिरपत राहते, त्यामुळे मुदत कधी लांबते. पूर्ण बंद पडली तर ती याहून कितीतरी कमी असेल, असंही काही अभ्यासकांचं म्हणणं आहे.

उपचारांची कहाणी फारशी अभिमानाची नाही. डोळा बोटांनी दाबून सोडायचा, म्हणजे तुकडा पुढे सरकेल. सुईने डोळ्यातलं थोडं पाणी काढून आतला दाब उतरवायचा. कार्बन डायऑक्साइड मिसळलेला प्राणवायू हुंगायला द्यायचा, म्हणजे धमन्या रुंदावतील. पिढ्यानपिढ्या हे चालत आलं. काहीच न करता सहापैकी साधारण एका रुग्णाला कामापुरती नजर परत येते, आणि हे उपाय करून ते प्रमाण वाढल्याचं काही दिसत नाही.

मेंदूच्या झटक्यात वापरतात ते गुठळी विरघळवणारं औषध इथेही चालेल, हा तर्क सरळ आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात जांघेतून नळी घालून ते थेट डोळ्याच्या धमनीपाशी सोडून पाहिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ८४ रुग्ण होते. हे औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत नजरेचा फरक पडला नाही, आणि औषधाच्या गटात ३७ टक्के रुग्णांना दुष्परिणाम झाले. दुसऱ्या गटात ते प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होतं. पण चाचणीत झटक्यानंतर वीस तासांपर्यंतचे रुग्ण घेतले होते. २४० मिनिटं कुठे आणि वीस तास कुठे! पुढच्या चाचण्यांनी म्हणूनच शिरेतून औषध आणि तेही साडेचार तासांच्या आत, यावर भर दिला. इथेही झोप आडवी येते. अनेकांच्या लक्षात हे सकाळी उठल्यावर येतं. धमनी रात्री अकराला बंद पडली की पहाटे पाचला, हे सांगता येत नाही, आणि सांगता आलं नाही तर रक्तस्रावाचा धोका असलेलं औषध द्यायला डॉक्टर धजत नाहीत.

चौकट : घरच्या घरी

एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघा. एका डोळ्यापुढे अचानक अंधार, राखाडी पट्टा किंवा वरची-खालची अर्धी बाजू गेलेली दिसली, तर १०८ ला फोन करा किंवा मेंदूच्या झटक्यावर उपचार होतात आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालतो अशा रुग्णालयात थेट जा. नजर पाच मिनिटांत परत आली तरी जा. शेवटचं नीट कधी दिसलं ती वेळ लिहून घ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा. डोळा चोळू नका, थेंब टाकत बसू नका.

डोळ्यानंतर मेंदू

थेट मेंदूच्या झटक्यावर उपचार करणाऱ्या रुग्णालयात जायला सांगण्याचं कारण म्हणजे मानेतून डोळ्याकडे आणि मेंदूकडे जाणारी, वर सांगितलेली एकच वाट. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली या आजारावर सविस्तर निवेदन काढून तो स्ट्रोक म्हणूनच हाताळावा असं सांगितलं. पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, तेव्हा यात अतिशयोक्ती नाही. अशा रुग्णांचा एमआरआय काढला तर चारपैकी सुमारे एकाच्या मेंदूत नुकताच होऊन गेलेला, रुग्णाला न कळलेला छोटा झटका सापडतो. पुढच्या मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. म्हणून नजर परत येण्याची आशा नसली तरी मानेच्या धमन्यांची तपासणी, ईसीजी आणि हृदयाची इको ताबडतोब करायची. मानेतली धमनी फारच अरुंद झाली असेल तर ती शस्त्रक्रियेने साफ करतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू होतात. डोळ्याच्या बाबतीत वैद्यकशास्त्राचा हात अजून आखडता आहे, मेंदूच्या बाबतीत तसा नाही.

पन्नाशीपुढच्या रुग्णाला डॉक्टर काही प्रश्न वरकरणी असंबद्ध विचारतात. भाकरी चावताना जबडा भरून येतो का? केस विंचरताना टाळू दुखते का? कानशिलाची शीर ठणकते का? उत्तर हो असेल तर धमन्यांच्या भिंतीलाच सूज आलेली असू शकते. आपल्याकडे हा आजार उत्तर युरोपाच्या मानाने कमी आहे, पण तो असला तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. इथे रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट हाती येईपर्यंतही न थांबता स्टेरॉइड सुरू करतात.

अडचण आहे ती मधल्या टप्प्याची. मेंदूच्या झटक्यासाठी सज्ज असलेल्या रुग्णालयात रात्री दोन वाजता न्यूरॉलॉजिस्ट फोनवर मिळतो, पण पडदा बघणारा नेत्रतज्ज्ञ मिळेलच असं नाही. आणि डोळ्यांच्या रुग्णालयात पडदा बघणारा असतो, तर तिथे सीटी स्कॅन नसतो. अमेरिकेतल्या काही रुग्णालयांनी यावर तोड म्हणून अपघात विभागातच पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी कॅमेरा ठेवला. हजर कर्मचारी चित्र काढतात, नेत्रतज्ज्ञ ते घरी बसून वाचतो. पडदा पांढरा पडण्याआधीची पुढच्या थरांची सूजही त्यात दिसते. हा कॅमेरा आपल्याकडेही आहे. शहरातल्या बऱ्याच नेत्ररुग्णालयांत तो मधुमेहाच्या रुग्णांसाठी दिवसभर चालतो आणि संध्याकाळी कुलपात जातो.